आवाज बंद करून पाहिलेला सीझन

मिरज स्टेशनवर मला निरोप द्यायला घरचे सगळे आले होते आणि माझा नवरा त्यांच्यात नव्हता. तो फलाटाच्या टोकाला चहाच्या गाड्यापाशी, अनोळखी माणसांच्या घोळक्यात, कुणाच्या तरी ट्रान्झिस्टरला कान लावून उभा होता. कसोटी सामन्याचा शेवटचा दिवस होता. लग्नाला जेमतेम चार महिने झाले होते, दुसऱ्या दिवशी मुंबईहून अमेरिकेचं विमान होतं, आई पदराने डोळे टिपत होती, हमाल ट्रंका चढवत होता आणि वडील मला विचारत होते, "अगं, जावई कुठे आहेत?" गाडी हलायच्या जरासा आधी सुधीर आला. चेहरा उजळलेला. माझ्या वडिलांच्या पाया पडता पडता म्हणाला, "वाचवली. ड्रॉ झाली."

मला इतका राग आला की रडायचं राहून गेलं. आईने खिडकीतून डबा आत दिला, माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि म्हणाली, "चिडायचं तर जेवून चिड. उपाशीपोटी चिडलं की ते अंगाला लागतं."

देश सोडतानाच्या आठवणी सांगताना लोकांचा गळा दाटून येतो. माझा येत नाही. मला त्या दिवसाची चीडच आधी आठवते. आणि आता सुधीर नाही, तर ती चीड मी कुणाला देऊ नये असं वाटतं.

आम्ही मॅसॅच्युसेट्समध्ये श्रूजबरीला आलो. सुधीर वूस्टरच्या एका कारखान्यात इंजिनिअर होता, मी पुढे गावच्या लायब्ररीत लागले. पहिल्या हिवाळ्यात सुधीरला सगळ्यात जास्त काय जाचलं असेल तर क्रिकेटचा स्कोअर कळत नाही हे. सांगलीहून आलेल्या पत्राला दोन आठवडे लागत आणि त्यात माझा भाऊ सामन्याबद्दल एकच ओळ लिही. उन्हाळ्यात ऑफिसातल्या कुणीतरी त्याला बॉस्टनची बेसबॉल मॅच दाखवायला नेलं. परत आला तो वैतागून. "यात ड्रॉच नाही," म्हणाला. "बरोबरी झाली तर खेळतच राहतात. कुणीतरी हरेपर्यंत सोडत नाहीत. हा काय खेळ झाला?" आपल्याकडे पाच दिवस तग धरून सामना अनिर्णित राखला की लोक पेढे वाटतात, हे त्याने त्या ऑफिसातल्या माणसाला समजावून सांगायचा प्रयत्न केला होता. त्याला ते कळलं नाही.

पण मग तो रोज रेडिओ लावायला लागला. सांगलीत राहिलेल्यांना हे सांगायला हवं, इथे आलेल्यांना सांगायला नको: बेसबॉलचा रेग्युलर सीझन म्हणजे एप्रिलपासून सप्टेंबर संपेपर्यंत जवळजवळ रोज एक मॅच. त्यात एकेका मॅचला काही अर्थ नसतो, आणि तरी आमच्या घरात प्रत्येक मॅचवरून जेवण कडू व्हायचं. आमची टीम मे महिन्यात आशा लावायची आणि ऑगस्टमध्ये घात करायची. एकदा मी म्हटलं, "रोज मरे त्याला कोण रडे."

"मी," सुधीर म्हणाला. "मी रडतो."

सांगलीच्या घरी मोठ्यांसमोर आवाज न चढवणारा हा माणूस इथे टीव्हीसमोर शुद्ध मराठीत ओरडायचा. त्याच्या शिव्या सगळ्या घरगुती होत्या. कुणी झेल सोडला की "हाताला तूप लावून आलायस का?" कुणी उगीच पळून बाद झाला की "लग्नाची वेळ टळत होती का रे तुझी?" आमची मुलगी रेवा त्याच्या पायाशी गालिच्यावर बसलेली असायची. ती म्हणायची, "दे कॅन्ट हिअर यू, बाबा." सुधीर म्हणायचा, "त्यांना ऐकू येत असतं तर मी बोललो असतो का?"

रविवारी दुपारच्या मॅचला आणखी माणसं यायची. पुण्याचे बापट, सुधीरच्याच कारखान्यातले, अविवाहित आणि कायम निराश. नागपूरचे डॉक्टर घाटे, कायम आशावादी, आणि त्यांची बायको सुनंदा, जिला खेळात रस नव्हता पण स्वेटर विणायला सोबत लागायची. मी वरच्या खोलीत पुस्तक घेऊन बसायचे. खालून आरडाओरडा आला की ओळ हरवायची.

मग एका वर्षी मार्चमध्ये सुधीर ऑफिसात खुर्चीवरून खाली कोसळला आणि हॉस्पिटलमध्ये पोचायच्या आत गेला.

तेराव्याला घाट्यांनी पोथीत बघून जमेल ते केलं. त्यानंतर पहिल्या रविवारी दुपारी बेल वाजली. बापट, घाटे, सुनंदा. वहिनींना रविवारी एकटं सोडायचं नाही असं त्यांनी आपसात ठरवलं होतं. मला एकटं राहायचं होतं, पण सांत्वनाला आलेल्यांना तसं सांगायची आपल्यात रीत नाही. ते सोफ्यावर ओळीने बसले. सीझन नुकताच सुरू झाला होता आणि सगळ्यांचे डोळे बंद टीव्हीकडे जात होते.

सुनंदाने आधीच बजावलेलं असणार, कारण घाटे घसा खाकरून म्हणाले, "नाही, वर्षभर घरात करमणूक नको, ते बरोबरच आहे."

बापट म्हणाले, "आवाज बंद ठेवला तर करमणूक होत नाही."

"असं कुठे लिहिलंय?" सुनंदाने विचारलं.

"शिवाय या टीमला बघण्याला करमणूक म्हणत असतील तर मला नवीन आहे," बापट म्हणाले.

असा तो नियम झाला. एप्रिलपासून दर रविवारी तीन मोठी माणसं माझ्या दिवाणखान्यात मुका टीव्ही बघत बसायची. कॉमेंट्री नसल्याने नेमकं काय झालं हे कुणालाच कळायचं नाही आणि त्यावरून वाद व्हायचे, तेही कुजबुजत, कारण दुःखाच्या घरात आवाज चढवायचा नसतो. "काय करून राहिला हा?" घाटे पुटपुटायचे. "आत्महत्या," बापट तितक्याच हळू म्हणायचे. टीम हरली की ते तिघं माझ्याकडे अशा चेहऱ्याने बघायचे की सांत्वन नक्की कुणी कुणाचं करायचं हा प्रश्न पडावा. मी पोहे करायचे. मॅच लांबली की परत काहीतरी करायचे. कधी कधी वाटायचं, ओट्यावर डोकं आपटावं आणि सांगावं की एक तर मोठ्याने ओरडा, नाहीतर घरी जा.

रेवा मात्र गप्प होती. ती तेव्हा अकरा वर्षांची होती. बाबा गेल्यापासून ती रडली नव्हती. शाळेत जायची, जेवायची, विचारलं की "आय'म फाइन, आई" म्हणायची. पूर्वी तोडकंमोडकं मराठी बोलायची, तेही बंद झालं. रविवारी ती गालिच्यावर त्याच जागी बसायची आणि मॅच संपली की एक शब्द न बोलता वर निघून जायची. मी दाराबाहेर उभी राहून कानोसा घ्यायचे. आतून काहीच ऐकू यायचं नाही.

सांगलीहून दादाचे फोन सुरू झाले. लाइन इतकी खराब असायची की प्रत्येक वाक्य ओरडून सांगावं लागे आणि आपलेच शब्द परत कानावर येत. "परत ये," तो म्हणायचा. "वरचा मजला रिकामाच आहे. दिवाळीच्या सुट्टीनंतर रेवाला शाळेत घेतील, मी बोललोय हेडमास्तरांशी." मी म्हणायचे, बघू. तो म्हणायचा, "बघू काय? तिथे तुमचं कोण आहे? पोरगी इंग्रजीत वाढेल. चार वर्षांनी तिला बापाची भाषासुद्धा येणार नाही."

दादा चुकीचं काहीच बोलत नव्हता. माझी नोकरी अर्ध्या वेळेची होती, घराचे हप्ते होते, बर्फात गाडी चालवायची मला भीती वाटे. आणि मुलगी माझ्याशी बोलत नव्हती. तिला इथून उपटून नेलं तर ती बोलेल की कायमची मिटेल, हे मला कळत नव्हतं. मी प्रत्येक फोनवर वेळ काढत होते, जसं काही खेळ लांबवला तर दोघांपैकी कुणालाच हरावं लागणार नव्हतं. शेवटी दादा म्हणाला, सप्टेंबरअखेर काय ते सांग, नाहीतर तिकिटं मिळणार नाहीत.

सप्टेंबरमधल्या एका रविवारी बॉस्टनची मॅच न्यूयॉर्कला होती. आमची टीम त्या वर्षी अजून शर्यतीत होती, म्हणजे घाट्यांच्या मते होती. शेवटच्या इनिंगमध्ये आम्ही एका धावेने पुढे होतो. न्यूयॉर्कचे दोन गडी बाद, दोन धावपटू पळायच्या तयारीत. अजून एक बाद केला की मॅच आमची. मी पोह्यांच्या बश्या उचलायला बाहेर आले होते, म्हणून मीही पाहिलं. त्यांच्या माणसाने चेंडू मारला आणि तो नुसताच उंच गेला. पोराटोरांनी घ्यावा असा झेल. आमचे दोन खेळाडू दोन बाजूंनी त्याच्याखाली धावत आले, आणि जवळ येऊन दोघंही थांबले. हा घेईल म्हणून तो थांबला, तो घेईल म्हणून हा. चेंडू दोघांच्या मधोमध गवतावर पडला. दोन्ही धावपटू फिरून होम प्लेटवर पोचले, त्यांच्या दोन धावा झाल्या. मॅच संपली.

मग गालिच्यावरून आवाज आला.

"अरे गाढवांनो, पंगतीला बसलायत का आग्रह करायला? तुम्ही घ्या, तुम्ही घ्या! कुणीतरी गिळा ना तो!"

शब्द मराठी होते. चाल सुधीरची होती, 'गिळा'वरचा जोरही त्याचाच. हे वाक्य त्याने कधी म्हटलेलं मला आठवत नाही. कदाचित म्हटलं असेल, मी वर पुस्तक वाचत असताना. किंवा ते तिने तिथल्या तिथे रचलं असेल, त्याने रचलं असतं तसं.

सुनंदाची विणकामाची सुई थांबली. घाटे खाली बघत राहिले. बापट मात्र गडबडले नाहीत. टीव्हीवरची नजर न काढता, सुधीरला द्यायचे तसं त्यांनी उत्तर दिलं, चांगल्या खणखणीत आवाजात. "यांना वाढपी लागतो, रेवा. हाताने घ्यायची सवय नाही."

"वाढपी म्हणजे काय?" रेवाने विचारलं, आणि उत्तर येण्याआधी तिचा चेहरा मोडला. ती रडायला लागली. टीमचं नाव घेत, त्या दोघांना नावं ठेवत, अर्धं इंग्रजीत आणि अर्धं मराठीत, ती सहा महिन्यांचं रडली. मी बश्या टीव्हीवर ठेवल्या आणि तिच्याजवळ खाली बसले. घाटे उगीचच म्हणत होते, "अजून मॅचेस आहेत बेटा, अजून संपलं नाही ना," आणि स्वतः चष्मा पुसत होते. बराच वेळ कुणी उठलं नाही. मग मीच उठून टीव्हीचा आवाज सुरू केला. सुनंदाने माझ्याकडे पाहिलं आणि परत विणायला घेतलं.

त्या आठवड्यात मी दादाला फोन केला आणि आम्ही येत नाही म्हणून सांगितलं. तो ओरडला, "कशासाठी राहतेस तिथे?" मला त्याला सांगायचं होतं की तू म्हणतोस ती बापाची भाषा तिला येते. शुद्धलेखन येत नाही, सण-वार येत नाहीत, पण तो ज्या भाषेत चिडायचा ती येते, आणि ती भाषा बोलायला तिला समोर हा खेळ लागतो आणि शेजारी ही माणसं लागतात. सांगलीला तिला उत्तम मराठी शिकवतील. पण तिथे ती हे वाक्य कुणापुढे म्हणेल, आणि तिला वाढपी कोण सांगेल? एवढं सगळं त्या लाइनवर ओरडून सांगता येण्यासारखं नव्हतं. मी म्हटलं, "रेवाची शाळा आहे." दादाने फोन ठेवला. पुढे वर्षभर त्याने माझ्याशी नीट बोलणं टाकलं होतं, आणि त्याचा राग मला समजत होता. आईबापांच्या आजारपणात मी तिथे नव्हते, उद्याही नसेन. याची भरपाई कुठल्याच गोष्टीने होत नाही.

टीम त्या वर्षीही काही जिंकली नाही. सप्टेंबर संपला, सीझन संपला. ऑक्टोबरच्या पहिल्या मोकळ्या रविवारी मी मुद्दाम लवकर जेवणं आटोपली, रेवाला मैत्रिणीकडे पोचवून आले आणि कित्येक महिने अर्धवट राहिलेलं पुस्तक काढलं. बाहेर मेपलची पानं लाल झाली होती. घरात इतकी शांतता होती की फ्रिजचा आवाज ऐकू येत होता. याच शांततेसाठी मी एप्रिलपासून झुरत होते. दोन पानं वाचली. तिसऱ्या पानावर घड्याळाकडे पाहिलं. मॅचची वेळ होऊन गेली होती, मॅच नव्हती, आणि पुस्तकात काय चाललंय ते मला सांगता आलं नसतं.

मी चहा टाकायला उठले. एकटीपुरता. पाणी उकळायला लागलं तेव्हा दारापुढे गाडी थांबल्याचा आवाज आला. मग दारं आपटल्याचे, आणि पायऱ्यांवरून वर येणारा बापटांचा वैतागलेला आवाज, की एप्रिलमध्येच चेंडू टाकणारा पिचर बदलला असता तर ही वेळ आली नसती, आणि घाटे सांगत होते की पुढच्या वर्षी बघा तुम्ही.

आता मॅच नाही तर ही माणसं कशाला आलीत, असा मला रागच आला. वाचू देत नाहीत, कळवून येत नाहीत, आता संध्याकाळपर्यंत हलायची नाहीत.

घर म्हणजे काय, हे मला विचारलं तर अजूनही नीट सांगता येत नाही. सांगलीचं नाव काढलं की मिरजेचा तो फलाट डोळ्यांपुढे येतो, तो येतच राहणार. पण त्या दुपारी बेल वाजली तेव्हा मी दाराकडे गेले नाही. आधी पातेल्यात तीन कप पाणी वाढवलं.