बाहेरून पाहिलेला हॉल

परवाच्या शनिवारी आम्ही चक्क डान्सला गेलो होतो. मी, आई... आणि आमच्या शेजारच्या डोरोथी.

डोरोथी एक्याऐंशी वर्षांच्या. मागच्याच वर्षी हिप रिप्लेसमेंट झालंय, पण तोरा कायम. आई नागपूरहून सहा महिन्यांसाठी माझ्याकडे ब्रिस्टलला आलीये. दोघींना एकमेकींचं बोलणं निम्मंच कळतं, पण दुपारचा चहा मात्र रोज एकत्र होतो.

या जूनमध्ये डी-डेला साठ वर्षं झाली. दुसऱ्या महायुद्धात, १९४४ साली, इथून समुद्र ओलांडून सैन्य फ्रान्सच्या किनाऱ्यावर उतरलं, तो दिवस. त्याआधी कितीतरी महिने अमेरिकन सैनिक आमच्या या भागात मुक्कामाला होते. डोरोथी तरुणपणी ज्या गावात राहायच्या, तिथल्या हॉलमध्ये त्यानिमित्त डान्स ठेवला होता. त्यांना लिफ्ट हवी होती, आईला गंमत बघायची होती... निघालो.

हॉल झकास सजवला होता. पताका, त्या काळचे फोटो, लालभडक लिपस्टिक लावलेल्या मुली आणि जुन्या युनिफॉर्ममधला बँड. आई सिल्कची साडी नेसून कोपऱ्यात बसली होती. "काय गाणी आहेत गं ही... पाय आपोआपच हलतात," म्हणाली.

खास पाहुणे होते लेनर्ड. थेट अलाबामाहून आलेले, उंच, कृष्णवर्णीय, ऐंशी ओलांडलेले. सोबत नात होती. युद्धाच्या काळात ते इथे आर्मीचे ट्रक चालवायचे.

कमिटीच्या बाईंनी मोठ्या प्रेमाने त्यांच्यापुढे माइक धरला आणि विचारलं, "आपला हॉल अजून तसाच वाटतो का हो?"

लेनर्डनी वर छताकडे पाहिलं, मग सावकाश चारी भिंतींकडे. "सांगता नाही येणार, मॅडम. मला हा फक्त बाहेरून माहीत आहे."

मला कळायला जरा वेळच लागला...

मग त्यांनीच सांगितलं. आवाजात कडवटपणा अजिबात नव्हता. अमेरिकन आर्मीत तेव्हा गोरे वेगळे, काळे वेगळे. इथला डान्स गोऱ्यांसाठी होता. लेनर्ड आणि त्यांचे मित्र रस्त्यावर उभं राहून बँड ऐकायचे. समोरच्या घरातल्या बाईंना ते बघवेना. त्यांनी किचनमधल्या खुर्च्या बाहेर आणून मांडल्या, चहा केला. मग ही पोरं तिथेच, रस्त्यावर नाचायला लागली.

त्यातले दोघं फ्रान्सहून परत आलेच नाहीत.

"मी त्या बाईंचं घर बघायला आलोय," लेनर्ड म्हणाले. बाई केव्हाच गेल्या, पण घर आहे. दुपारी ते कितीतरी वेळ त्याच्यासमोर उभे होते म्हणे.

कमिटीच्या बाईंचे डोळे भरून आले. तेवढ्यात डोरोथी काठी टेकत उठल्या.

"मी होते तेव्हा इथे, आत," त्या म्हणाल्या. "आत आमचे पाय तुडवले जात होते आणि बाहेरून हसण्याचे आवाज यायचे. खरा डान्स रस्त्यावरच चाललाय, हे आम्हा सगळ्या मुलींना ठाऊक होतं!" मग त्यांनी हात पुढे केला. "चला, बाहेर जाऊ या."

लेनर्ड हसले. "नको, मॅडम. बाहेर खूप नाचलो. आज आत नाचू या."

डोरोथींनी काठी माझ्या हातात दिली. बँडवाल्यांनी बिचाऱ्यांनी त्यांचं वय बघून संथ गाणं धरलं, तर लेनर्डनी हातानेच खूण केली... फास्ट! पाय फारसे उचलत नव्हते, पण खांदे असे काही डोलत होते की बघत राहावं. गाणं संपेपर्यंत दुसरं कुणीही फ्लोअरवर उतरलं नाही.

"काय म्हणाला गं तो मघाशी?" आईने विचारलं. मी तिच्या कानात सगळं सांगितलं.

ती हळूच म्हणाली, "बाबापण व्हरांड्यातच बसून शिकले."

बाबा म्हणजे माझे आजोबा. त्यांच्या जातीच्या पोरांना मास्तर वर्गात घ्यायचे नाहीत. खिडकीबाहेर बसून जे ऐकू येईल ते शिकायचं. एवढंच मला माहीत होतं. आमच्या घरात हा विषय फार निघत नाही.

आणि आई उठली. दुकानात कॅशियरशीसुद्धा इंग्लिश बोलायला लाजणारी माझी आई सरळ लेनर्डच्या टेबलापाशी गेली. मी भाषांतराला मागे धावले, तर तिने मला हातानेच थांबवलं.

"माय फादर..." ती म्हणाली. "स्कूल. आउटसाइड. नॉट अलाउड इन."

लेनर्डनी शेजारची खुर्ची ओढून तिला बसायला दिली. "मग पुढे काय झालं त्यांचं?"

आई ताठ बसली. "हेडमास्टर," म्हणाली.

लेनर्ड इतके खदखदून हसले की अख्खा हॉल वळून बघायला लागला. टेबलावर थाप मारून नातीला म्हणाले, "ऐकलंस? हेडमास्टर!"

जिथे एकदा दाराबाहेर ठेवलं, तिथेच साठ वर्षांनी, ऐंशी ओलांडल्यावर, समुद्र पार करून यायचं... आणि तेही एका बाईच्या चांगुलपणाची आठवण म्हणून. एवढं मोठं मन कुठून येतं, मला खरंच माहीत नाही.

परतताना गाडीत आई डोरोथींना आजोबांच्या गोष्टी सांगत राहिली आणि मी भाषांतर करत राहिले. त्यातल्या निम्म्या तर मीसुद्धा पहिल्यांदाच ऐकत होते... थँक यू, लेनर्ड.