रजईत शिरलेला व्हायरस

चहा घ्या, पण हसायचं नाही, आधीच सांगतो. त्या संध्याकाळचा विषय निघाला तरी माझं डोकं फिरतं.

मी सेक्टर एकोणचाळीसला विषाणूंवर संशोधन करतो. चंदीगडात मराठी माणसं मोजकी, म्हणून मंडळाच्या गणेशोत्सवात प्रत्येकाला कामाला जुंपतात. यंदा क्षीरसागर काकूंनी मुलांचं नाटुकलं बसवलं आणि व्हायरस म्हणून मला घेतलं. हातात काय दिलं? तलवार.

"काकू, व्हायरस तलवारीनं शिरत नाही हो," मी म्हणालो. "फ्लूच्या व्हायरसला पेशीच पिशवीत घालून आत घेते. पिशवीत आंबटपणा वाढला की त्याच्या अंगावरचे काटे आकार बदलतात, वाट उघडते आणि आतला जनुकांचा धागा पेशीत सुटतो."

"बरं. मग तलवार कधी काढणार?"

तुम्हीच सांगा, संताप येणार नाही?

मी सगळं दिग्दर्शनच हातात घेतलं. सेक्टर बावीसच्या बाजारातून बटण दाबलं की उघडणारी छत्री आणली. तिच्या आत लाल रिबिनीचं भेंडोळं कोंबलं. आमच्या घरमालकीण आंटींची डबलबेडची रजई म्हणजे पेशी. मुलांनी मला रजईत गुंडाळायचं, नववीतल्या परीनं आंबटपणा म्हणून आत स्प्रे मारायचा, मी बटण दाबायचं, छत्री उघडणार, रिबीन बाहेर.

"स्प्रेमध्ये पाणी घालू या," काकू म्हणाल्या. "लोकांना काय कळतंय?"

मी भडकलो. म्हणालो, शास्त्र म्हणजे शास्त्र, लिंबूच पाहिजे.

सभागृह खचाखच भरलं होतं. निम्मे प्रेक्षक तर डॉक्टरच. मी ऐटीत रजईत शिरलो. आत मिट्ट काळोख. परीनं नेम धरून स्प्रे मारला, तो थेट माझ्या डोळ्यांत.

मी असा किंचाळलो की पेटीवाले उठून उभे राहिले. बटण दाबलं गेलं, छत्री उघडली, तिच्या काड्या रजईत रुतल्या आणि रिबीन माझ्या गळ्याभोवती. मी हातपाय झाडायला लागलो, तशी मुलं पेशी टाकून पळाली.

"परी, रजई काढ!"

"अंकल, ये तो स्क्रिप्ट में नहीं है," बाहेरून आवाज आला.

लोकांना वाटलं, ह्याला फिट आली. क्षणात डॉक्टरांची फौज स्टेजवर. रजई ओढून काढली आणि हाडांचे डॉक्टर सबनीस माझ्या पायांवरच बसले.

"सोडा मला, मी व्हायरस आहे. मला उघडू द्या."

"बरळतायत," सबनीस बाकीच्यांना म्हणाले. "घट्ट धरा."

तेवढ्यात काकूंनी माइक घेतला. "तर मंडळी, अशा प्रकारे पेशीनं व्हायरसला हरवलं." टाळ्यांचा कडकडाट.

हरवलं? इतकी मेहनत करून शेवटी चुकीचं शास्त्र? माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "साफ खोटं आहे. माझा धागा सुटलाय, पेशी संपली," मी आडवा पडून ओरडत होतो.

सबनीसांनी माझ्या डोळ्यांत टॉर्च मारला आणि लहान मुलाला समजवावं तसं विचारलं, "शांत व्हा. मला फक्त तुमचं नाव सांगा."

आणि रागाच्या भरात, अख्ख्या मंडळासमोर, मी सांगितलं, "इन्फ्लुएन्झा."

अँब्युलन्स त्यांनीच बोलावली.