चाकवताचा परवाना

सरकारी कागद खोटा बनवण्याचा गुन्हा मी आयुष्यात एकदाच केला, आणि तोही सासूबाईंसाठी. हे आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोलासुद्धा नाही. खरं म्हणजे कागद हा त्यातला लहान गुन्हा. मोठा त्याच्या आधी होऊन गेला होता.

दोन हजार चार सालचा उन्हाळा. आम्ही शिकागोजवळ शॉमबर्गला दोन खोल्यांच्या अपार्टमेंटमध्ये राहत होतो आणि सासूबाई पहिल्यांदाच सहा महिन्यांसाठी आल्या होत्या. तीस वर्षं त्यांनी आरोग्यसेविकेची नोकरी केली. लसींचा डबा कॅरिअरला बांधून सायकलवर पाच गावं फिरायच्या. अशी बाई आमच्या कार्पेटवर पंधरा दिवस बसली आणि सोळाव्या दिवशी दुपारी ओटा चौथ्यांदा पुसताना मला दिसली. बाहेर एकटं जायला त्या तयार नव्हत्या. गाड्या उलट्या बाजूनं येतात आणि आत माणूस आहे की नाही तेही कळत नाही, असं त्यांचं म्हणणं.

म्हणून एका रविवारी त्यांना पश्चिमेला अर्ध्या तासावरच्या सायकलवाटेवर नेलं. पूर्वी तिथून मालगाड्या जायच्या. रूळ काढून त्यावर चुनखडीचा बारीक चुरा दाबून बसवला होता आणि मोटारीला मज्जाव होता. सासूबाईंनी उतरल्याबरोबर बुटाच्या टाचेनं जमीन घासून पाहिली.

"अहो जावईबापू, हा तर आपला मुरूम."

पुढच्याच शनिवारी आम्ही एका गराज सेलमधून पुढे टोपली असलेली लेडीज सायकल आणली. सुती साडी, पायात स्पोर्ट्स शूज, पदर कमरेला खोचलेला, अशा त्या निघाल्या की मला मागून धापा टाकत जावं लागे. दोन्हीकडे मका, मध्येच एखादं लाल कोठार, एकदा तर चक्क हरीण. मागून पुढे जाणारे लोक, डावीकडून येतोय हे कळावं म्हणून, "ऑन युअर लेफ्ट" म्हणायचे. ती इथली नमस्काराची रीत असावी असं समजून त्याही एक हात उचलून हसत "ऑन युअर लेफ्ट" म्हणायच्या. मी सुधारलं नाही. लोक खूश व्हायचे.

तिसऱ्या की चौथ्या फेरीला त्यांनी करकचून ब्रेक दाबला. वाटेच्या कडेला कोवळा चाकवत माजला होता. पानं चुरगाळून हुंगली, पाठीमागची पांढरी भुकटी तपासली आणि त्या खालीच बसल्या. त्या संध्याकाळी ताकातली पातळ भाजी झाली, हरभऱ्याची डाळ आणि शेंगदाणे घालून. बायको दोनदा वाढून घेत म्हणाली, "आई, हे डेव्हनच्या देशी दुकानांत पण मिळत नाही गं." त्यानंतर फेरी म्हणजे चाकवत, असंच ठरून गेलं. फ्रीझरमध्ये निवडलेल्या भाजीच्या पिशव्यांची चळत लागली.

आणि मग एका शनिवारी माझे साहेब आले. घट्ट कपडे, हेल्मेट, पातळ चाकांची महागडी सायकल. त्या वर्षी ऑफिसात माणसं कमी करणं चालू होतं आणि माझ्या ग्रीन कार्डाच्या अर्जावर याच गृहस्थांची सही होती. सासूबाई गवतात उकिडव्या बसलेल्या, पदराची ओटी पाल्यानं भरलेली. साहेबांनी विचारलं, या बाई ठीक आहेत ना?

मी म्हणालो, माझ्या सासूबाई आहेत, त्यांचं कानातलं हरवलंय.

भला माणूस. सायकल आडवी टाकून तो गुडघ्यांवर बसला आणि शोधू लागला. सासूबाईंना वाटलं, मदतीला आलाय. त्यांनी त्याला कोवळा शेंडा कसा खुडायचा ते करून दाखवलं. साहेबांनी दोन-चार शेंडे खुडले, ओटीकडे पाहिलं, त्यांच्या दोन्ही कानांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आणि सायकल उचलली. जाताना ते "ऑन युअर लेफ्ट" ऐकून गेले.

परतताना गाडीत मी सासूबाईंना सांगितलं, "आई, इथे पाला तोडायला बंदी आहे. दंड करतात. माझ्या ग्रीन कार्डावर येऊ शकतं."

नियम खरोखर आहे की नाही, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. आजही नाही. कधी पाहिलंच नाही.

मला वाटलं होतं, भाजी तेवढी थांबेल. त्यांनी सायकलच सोडली. दुसऱ्या दिवशी आम्ही ऑफिसला गेल्यावर फ्रीझरमधल्या सगळ्या पिशव्या वर्तमानपत्रात गुंडाळून त्यांनी खालच्या कचऱ्याच्या डब्यात नेऊन टाकल्या. मला हळूच म्हणाल्या, "पुरावा ठेवला नाही. हिला सांगू नका, उगाच घोर लावून घेईल." सायरन वाजला की खिडकीपासून दूर व्हायच्या. वाटेवर कुणीतरी आपल्याला ओळखेल, या भीतीनं फिरायलाही नको म्हणायच्या. सायकल बाल्कनीत उभी. बायकोनं विचारलं, आई जात का नाही? मी म्हणालो, गुडघे दुखताहेत. मग बायको रोज संध्याकाळी त्यांच्या गुडघ्यांना तेल चोळू लागली आणि त्या माउलीनं मला सांभाळून घेत ते चोळूनही घेतलं.

असे तीन आठवडे गेले. ओटा पुन्हा दिवसातून चारदा पुसला जाऊ लागला. मला ते बघवेना, पण खरं सांगायची हिंमतही होईना. मग एका दुपारी सगळे जेवायला गेले असताना ऑफिसच्या प्रिंटरवर मी परवाना छापला. वर गरुड, मध्ये त्यांचा व्हिसासाठी काढलेला फोटो, खाली डाव्या हातानं केलेली एक गिचमिड सही. खरं वाटावं म्हणून एक अटही घातली: दिवसाला दोन पौंड.

त्यांनी चष्मा लावून कागद दोन्ही बाजूंनी पाहिला. "अर्ज केलात माझ्यासाठी?" म्हणाल्या. मी मान हलवली.

शनिवारी त्या पुन्हा मुरुमावर होत्या. परवाना झिपच्या पिशवीत, पिशवी टोपलीत, आणि सोबत स्वयंपाकघरातला वजनकाटा. दोन पौंड झाले की एक काडीही जास्त घ्यायच्या नाहीत. जास्तीची परत गवतात ठेवायच्या. लसींचा हिशोब जन्मभर ठेवलेल्या बाई त्या.

तिसऱ्या शनिवारी वाटेवरचा खरा रखवालदार आला. गणवेश, कमरेला वॉकीटॉकी. सासूबाईंचं वजन करणं चाललं होतं. त्यानं काही विचारायच्या आतच त्यांनी ताठ उभं राहून परवाना पुढे केला. त्यानं कागद सावकाश वाचला. काट्याकडे पाहिलं. फोटो त्यांच्या चेहऱ्याशी ताडून पाहिला. मग दोन्ही हातांनी कागद परत देत म्हणाला, "सगळं नियमात आहे, मॅडम." सासूबाईंनी त्याला जुडी देऊ केली, ती त्यानं टोपी उतरवून स्वीकारली. माझ्याजवळून जाताना तेवढं हळू आवाजात म्हणाला, "तुमच्या प्रिंटरची शाई संपत आलीय."

त्या दिवशी सासूबाई परतीचे सहा मैल माझ्यापुढेच होत्या. एकदाही मागे वळल्या नाहीत. घरी येऊन बायकोला म्हणाल्या, इथलं सरकार कडक आहे, पण माणुसकीचं आहे. गुडघ्यांचं विचारलं तर म्हणाल्या, तेलानं बरे झाले.

ऑक्टोबरात त्या भारतात परतल्या, तेव्हा परवाना पासपोर्टच्या आत घडी न घालता ठेवून नेला. आता तो त्यांच्या पुढच्या खोलीत फ्रेममध्ये आहे आणि आलेल्या-गेलेल्याला दाखवला जातो. या गोष्टीला चार वर्षं झाली. साहेबांनी कानातल्याचा विषय कधी काढला नाही. ग्रीन कार्डही आलं.

कागद खोटा होता असं मी सांगितलं, तर सासूबाई पोट धरून हसतील, याबद्दल मला शंका नाही. पण नंतर त्या विचारतील, मुळात बंदी आहे असं का सांगितलंत? त्याचं उत्तर एकच आहे. आई, साहेबांसमोर मला तुमची लाज वाटली होती. हे त्यांना तोंडावर सांगायचं मी देणं लागतो. अजून सांगितलेलं नाही.