देवाजीभाऊंचे मधाचे औषध

दारूला दुसरे नाव दिले, तर ती दारू राहत नाही काय? तुम्हीच सांगा. एटापल्लीच्या लाकूड डेपोत मी बाबू होतो. तेथे किस्से सागाच्या थप्प्यांसारखे साचत, आणि त्यांतले बहुतेक वनरक्षक देवाजीभाऊंचेच असत.

त्यांच्या मुलीचे लग्न घुग्घुसला खाणकामगाराच्या घरी मी जुळवले होते. वरपित्याची अट एकच : व्याह्याच्या घरी दारू आढळली, तर लग्न मोडले! ग्वाही माझी होती.

*

देवाजीभाऊ मोहाच्या दारूला शिवत नसत. ते मध आंबवत. मधात पाणी आणि कोरा चहा ओतून मडके कोपऱ्यात ठेवायचे, एवढीच कृती.

"भाऊ, ही दारूच आहे," मी म्हणालो.

"दारू मोहाची असते जी. मध तं विहारातल्या भन्तेजीलेई चालते. औषध हाये!"

"मग चमच्याने घ्या."

"आजार मोठा हाये न, बाबूजी!"

*

चहानंतर कॉफीचे मडके लागले. एके सकाळी मी त्यांच्या घरी गेलो. कौसावहिनी डबा आपटून म्हणाल्या, "कॉफी गेली, चहापत्तीई सारी मडक्यात गेली. बाबूजीले काय देऊ?"

"मडक्यातलाच दे," भाऊ म्हणाले.

मी पाणी पिऊन परतलो.

*

मग लिंबूसरबत, तेही मध घालून बाटल्यांत भरलेले. त्या बाटल्या त्यांनी डेपोच्या कोठीत लपवल्या आणि जंगलातल्या लाखेने तोंडे पक्की बंद केली. आंबणाऱ्या मधातल्या वायूला वाट ठेवावी लागते, हे त्यांच्या गावी नव्हते.

भर उन्हाळ्यात वनखात्याचे साहेब तपासणीला आले. दुपारी कोठीतून आवाज आला. धडाम! नक्षल्यांच्या त्या वर्षांत आमच्या जंगलात असा आवाज थट्टेचा नसे. साहेब टेबलाखाली गेले, आम्ही जमिनीवर पालथे. दुसरा धडाका. तिसरा.

दाराखालून काहीतरी ओले वाहत आले. साहेबांनी बोट लावले, वास घेतला.

"कोणाचे आहे हे?"

"सरबत हाये साहेब," भाऊ पालथेच बोलले.

*

ट्रकवाल्यांनी बातमी घुग्घुसला पोहोचवली. वरपिता आले, थेट बुद्धविहारात बसले आणि आम्हाला तेथेच बोलावले. मुलगी खांबाला टेकून उभी होती. तिने दिवसभर अन्न घेतले नव्हते.

"मधच होता जी," भाऊ म्हणाले.

"लग्न होईन," वरपिता म्हणाले. "पोरीचा काय दोष? पण लग्नात पाचवं शील आमी कोणी म्हणणार नाई. तुमी एकटेच म्हणान."

लग्नाच्या दिवशी चार शीले साऱ्या मांडवाने म्हटली. मद्यापासून दूर राहण्याच्या पाचव्या शीलाला मांडव गप्प झाला. देवाजीभाऊंनी हात जोडले, घसा खाकरला आणि ते पुटपुटले.

भन्तेजींनी डोळे उघडले नाहीत. "ऐकू आले नाही. पुन्हा."

नवरी वळली. म्हणाली, "बाबा, माईक हातात घ्या."