मडकं उघडण्याची घाई

माझा मित्र रोह्याहून कॅनडाला गेला, तरी थंडीत आमची पोपटी लागली की व्हिडिओ कॉलवर हजर असायचा. रोह्याजवळच्या अष्टमी गावातल्या शेतात भांबुर्डीचा पाला, वालाच्या शेंगा आणि बटाटे भरून आम्ही मडकं उपडं घालायचो, भोवती जाळ करायचो, आणि थोड्याच वेळात याची भुणभुण सुरू व्हायची.

"मडक्यावर पाणी शिंपडून बघ. चर्र झालं की काढ. करपवशील रे मास्तर, तुझं काय खरं नाय."

"तू तिकडे नाश्ता कर. इथलं आम्ही बघतो," मी वैतागून म्हणायचो. कधी कधी फोन सरळ पालथा ठेवायचो.

गेल्या वर्षी तो तिकडेच वारला. यंदा मी ठरवलं, त्याच्या आठवणीसाठी एक पोपटी नीट, शांतपणे लावायची. कुणी घाई करत नव्हतं, म्हणून मी जाळाकडे बघत बसून राहिलो. मडकं काढलं तेव्हा शेंगा काळ्याठिक्कर पडल्या होत्या.

म्हणजे इतकी वर्षं माझी पोपटी त्याच्या कटकटीमुळेच साधत होती. हे कबूल करावं, तर ऐकायला तो नाही. मला त्याचा सगळ्यात जास्त राग येतो तो यासाठीच.