डोंगरावर जायचा बेत
"चालताना पाय दिसला पाह्यजे तिचा, बस. बाकी त्याईले पोरगी पसंत हाय," मामा म्हणत होता.

मी चहाचा ट्रे घेऊन माजघराच्या दाराआड उभी होते. ओसरीवर आई, बाबा आणि नेरहून आलेला मामा बसले होते. रविवारी डोंगरावर जायचं, त्याची आखणी चालली होती. मी तिथंच थांबले. कपबशा वाजू नयेत म्हणून ट्रे पोटाशी धरला.

पुसदच्या आमच्या घरामागची शेतं संपली की सागाचं जंगल लागायचं आणि त्या जंगलातून हा डोंगर वर निघालेला होता. माथ्यावर महादेवाचं लहानसं देऊळ. नागपूरच्या कॉन्व्हेंटचं बोर्डिंग आणि पुढचं कॉलेज संपवून मी घरी परतले, तेव्हापासून माझ्या खोलीच्या गजांतून रोज तोच दिसायचा. वर जाऊ या, असं मी बऱ्याचदा म्हटलं होतं. आधी उत्तर मिळालं, तिकडे अस्वलं आहेत. मग कळलं की लोक नावं ठेवतील. शेवटी आईनं विचारलं, जाशील कुणाबरोबर? माझं मराठी पुस्तकातून उतरवल्यासारखं यायचं, त्यावर घरात हसू व्हायचं, मामा तर मला मडमच म्हणायचा. त्यामुळे मी बोलायचीच कमी. अशात मामानं आपण होऊन डोंगराचा विषय काढला आणि सगळ्यांनी लगेच माना डोलावल्या, तेव्हा मी आनंदानं ट्रंकेतले कॅनव्हासचे बूट काढून धुतले आणि कुंपणाच्या भिंतीवर वाळत घातले. अस्वलं एकाएकी कुठं गेली, हे मी विचारलं नाही.

बोर्डिंगच्या ओल्या जिन्यावरून घसरून माझा घोटा मोडला होता. प्लास्टर घातलं, हाड जुळलं, मी पुन्हा बास्केटबॉल खेळू लागले. पण ही बातमी नातेवाइकांच्या तोंडून अमरावतीला पोचेपर्यंत मी लंगडी झाले होते. तिथल्या एका प्राध्यापकाचं स्थळ मामानं आणलं होतं. मुलाच्या काकूला माझी चाल बघायची होती.

घरी बघायची सोय नव्हती, आणि ती बाबांमुळेच नव्हती. माझ्या चुलतबहिणीला बघायला आलेल्या पाहुण्यांनी तिला आमच्या बैठकीत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालायला सांगितलं होतं. बाबा वकील, आवाज न चढवता बोलणारे. ते उठले, खुंटीवरचा कोट अंगात घातला आणि पाहुण्यांना म्हणाले की चला, तुम्हाला मोटार स्टँडवर सोडतो. या घरात मुलीला चालवून दाखवणार नाही, असं त्यांनी तेव्हा सगळ्यांसमोर सांगितलं. ही गोष्ट मी बोर्डिंगमध्ये मैत्रिणींना कितीदा तरी अभिमानानं सांगितली होती.

आता मामानं वाट काढली होती. जंगल म्हणजे काही घर नव्हे.

पायथ्यापर्यंत बैलबंड्यांनी जायचं. झऱ्याजवळ गोवऱ्यांच्या आरावर रोडगे भाजायचे, वांग्याची भाजी करायची. पुरुष वर देवाला जाऊन येतील, बायका खालीच थांबतील. झरा जरा उताराला होता. पाणी मी आणायचं. सोबत येणाऱ्या मुलाच्या काकूंसाठी मोहाच्या झाडाखाली सतरंजी घालायची, म्हणजे सगळी पायवाट त्यांच्या नजरेसमोर राहील. मामा समजावत होता की रिकामी घागर घेऊन उतरताना आणि भरलेली घेऊन चढताना, दोन्ही वेळा पाय दिसतो. आईला एवढीच काळजी होती की मी बूट घालीन. त्यांच्याआड काय दिसणार? पातळ चप्पल बरी, आणि लुगडं जरासं वर.

"तिले सांगू नका," मामा म्हणाला. "कळलं तं अडखळीन."

बाबा आता बोलतील म्हणून मी वाट पाहत राहिले. फटीतून ते दिसत होते. मांडीवर कागद घेऊन ते वाटेचा नकाशा काढत होते. त्यांनी पेन्सिल थांबवली आणि विचारलं, "त्या मोहाची सावली दुपारी कुठं पडते? नाहीतर त्या बाईंना उन्हात बसावं लागेल."

मी चहा नेऊन ठेवला. गार झालाय, असं आई म्हणाली.

पुढच्या दिवसांत मी सगळ्या वाटा तपासून पाहिल्या. नीट चालले, तर फाल्गुनात लग्न. मुद्दाम लंगडले, तर सुटका. खोलीचं दार लावून मी लंगडून पाहिलंही. पण मग पुसदपासून अमरावतीपर्यंत प्रत्येक घरात मी जन्मभर लंगडीच राहिले असते. आजारी पडले, तर बेत पुढच्या रविवारवर गेला असता, इतकंच. एका सकाळी पाहिलं, तर कुंपणाच्या भिंतीवर बूट नव्हते. ते कपाटावर, माझा हात पोचणार नाही असे ठेवलेले दिसले. खाली नवी चप्पल होती, माझ्याच मापाची. बाबा जेवताना माझ्याशी नागपूरबद्दल, पुस्तकांबद्दल बोलायचे, एरवीपेक्षा जास्तच. माझ्या मनात इंग्रजीत मोठमोठी वाक्यं तयार व्हायची, घासाबरोबर ती खाली जायची.

शनिवारी संध्याकाळी ओसरीवर वांगी निवडणं चाललं होतं. मी आईशेजारी बसले होते. मामानं एकदम माझ्याकडे पाहिलं.

"मडम, उद्या तुले काम हाय बरं. झऱ्याचं पाणी तूच आणजो. का होस्टेलात पाणी बी नळानं तोंडात पडे?"

सगळे हसले. आई हसता हसता माझ्या पावलांकडे बघत होती. मी पाय लुगड्याखाली ओढून घेतले. बाबा हसले नाहीत. त्यांनी नकाशाची घडी घातली, कोटाच्या खिशात ठेवली आणि अंगणाकडे पाहू लागले.

मामाला काय सांगायचं, ते मी आठवडाभर घोकलं होतं. त्यातलं काहीच तोंडातून आलं नाही. मी मामाकडे पाहिलंही नाही. माझा आवाज मलाच अनोळखी वाटला, आणि मराठी मात्र कुठं अडलं नाही.

"बाबा, मला डोंगर चढायचाय. त्या काकूंना माझा पाय बघायचा असेल, तर त्यांनी माझ्यामागून वर यावं."