वगळलेलं नाव

साखर कारखान्याच्या संगणक विभागात मी बारा वर्षं डेटाबेस सांभाळत होतो. पेडगावच्या एका शिक्षकाची मुलगी तिथं नव्यानं रुजू झाली आणि दोनच महिन्यांत साहेब प्रत्येक गोष्ट तिला विचारायला लागले. माझा जीव जळायला लागला.

निमित्त ऊसनोंदीचं झालं. काही शेतकऱ्यांच्या लागवडीच्या तारखा कुणीतरी मागं सरकवत होतं, म्हणजे त्यांचा ऊस आधी तुटावा. आमच्या सॉफ्टवेअरच्या नोंदींत तर काहीच दिसेना. ती साहेबांना म्हणाली, "सॉफ्टवेअरला त्याच्यातून गेलेलंच दिसतंय, सर. थेट डेटाबेसमधी शिरलेला माणूस त्याला कसा दिसंल? सर्व्हरच्या आतच ऑडिट प्लगइन बसवू. कुणी आत आलं, आदेश दिला, एखाद्या टेबलाला हात लावला, की सर्व्हर स्वतःच प्लगइनला कळवतो. मग नाव, वेळ, मशीन, आदेश, सगळं लिहिलं जातं."

हे मीही वाचलेलं होतं. बसवलं मात्र तिनं. आठवडाभरात शेतकी विभागातला एक लिपिक सापडला. साहेबांनी सगळ्यांसमोर तिचं लय कौतुक केलं. मीही टाळ्या वाजवल्या आणि त्या दिवशी डबा न उघडताच घरी नेला.

दुसऱ्या दिवशी मी ठरवलं, हिचं प्लगइन कुचकामी आहे हे साहेबांना दाखवायचंच. प्लगइनच्या सेटिंगमध्ये, ज्यांच्या नोंदी ठेवायच्या नाहीत त्या नावांच्या यादीत, मी माझं नाव घातलं. मग चाचणीसाठी ठेवलेली एक नोंद बदलली. प्लगइन लिहितं त्या लॉगमध्ये त्या बदलाचा मागमूसही नव्हता. मी खुशीत चहा मागवला.

चहा संपायच्या आत ती एक कागद घेऊन माझ्या टेबलाशी आली.

"सर, ही ओळ तुमचीच हाय ना?"

नाव वगळण्याचा माझाच आदेश होता, वेळेसकट.

"पण मला तर वगळलंय," मी बोलून गेलो.

"वगळलं ते या आदेशाच्या पुढचं. प्लगइनच्या सेटिंगला हात लावणारा आदेश ते लिहितंच, कुणाचाबी असू द्या." तिनं कागद माझ्यापुढं ठेवला. "साहेबांना सांगावं तर लागंलच. आधी तुमी जाता का?"

मी गेलो. साहेबांनी ऐकून घेतलं आणि सर्व्हरचे अधिकार माझ्याकडून काढून तिला दिले. आता काही बदलायचं असलं तर मी तिला अर्ज लिहितो. ती लगेच मंजूर करते, एकदाही टोमणा मारत नाही. तेच मला जास्त झोंबतं.